ब्राझीलने कागद जाळले, म्हणून सव्वा कोटींचा आकडा खोटा?

माझ्या भाचीने इतिहासाच्या प्रकल्पात एक फिरता संदेश जसाच्या तसा उतरवून काढला आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचा दावा असा की, ब्राझीलने गुलामगिरीची सगळी कागदपत्रे जाळली; त्यामुळे अटलांटिकपार नेलेल्या सव्वा कोटी आफ्रिकनांचा आकडा कपोलकल्पित आहे, त्यांची नावे कुठेही नाहीत, आणि उरलेसुरले संगणकावर आल्याने जुने कागद सांभाळणे व्यर्थ आहे.

जाळपोळ झाली, एवढे मान्य करावे लागते. अर्थमंत्री रुई बार्बोसा यांनी डिसेंबर १८९० मध्ये तसा आदेश काढला होता. पण तो अर्थखात्याच्या कचेऱ्यांतील कागदांपुरता होता, आणि १८८८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर सरकारकडे भरपाई मागत सुटलेल्या जुन्या मालकांच्या हातचा पुरावा काढून घेणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते. शिवाय १८७२ मध्ये झालेल्या गुलामांच्या सरकारी नोंदणीत मालकाने दिलेल्या यादीच्या दोन प्रती होत. मालकाकडे परत गेलेली प्रत पुढे वारसांच्या वाटणीच्या कागदांत जाऊन बसे. अशा प्रती, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि नोटरींकडची खरेदीखते आजही अभ्यासकांच्या हाती आहेत.

आकड्याविषयीचा दावा तर निव्वळ हास्यास्पद आहे, कारण तो आकडा त्या जळालेल्या कागदांवर उभाच नाही. माणसे माल म्हणून नेली जात, त्यामुळे जहाजमालक, विमेवाला, जकात अधिकारी आणि बंदरावरचा कारकून या प्रत्येकाने आपापल्या पैशासाठी हिशेब ठेवला, आणि ते हिशेब ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल, नेदरलँड्स अशा अनेक देशांच्या दप्तरांत विखुरलेले आहेत. ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहात सुमारे ३६,००० सफरी एकेक करून मांडल्या आहेत. सव्वा कोटी हा, नोंद न सापडलेल्या सफरीही हिशेबात धरून केलेला अंदाज आहे आणि संशोधक तो अंदाज म्हणूनच देतात. तो खोटा ठरवायचा असेल तर या सफरी खोट्या ठरवाव्या लागतील, आणि संदेशकर्त्याने त्यांतली एकही उघडून पाहिलेली दिसत नाही.

बहुतेकांची नावे जहाजांच्या कागदांत लिहिलीच गेली नाहीत, हे खरे. तरीही गुलामांच्या व्यापारावर बंदी आल्यावर पकडलेल्या जहाजांवरून सोडवलेल्या ९०,००० हून अधिक आफ्रिकनांची नावे फ्रीटाउन (सिएरा लिओन) आणि हवाना (क्युबा) येथे नोंदवली गेली, आणि तीही ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’नेच खुली केली आहेत.

राहिला कागद सांभाळण्याचा मुद्दा. फिकट शाई छायाचित्रात उमटली नाही, तर पुन्हा मूळ पानाकडेच जावे लागते. आणि सतराव्या शतकातील पोर्तुगीज हस्ताक्षराचे नुसते छायाचित्र, सूची आणि लिप्यंतर नसेल तर, तज्ज्ञांखेरीज कोणालाच वाचता येत नाही. खरा खर्च या सूची आणि लिप्यंतराच्या कामात आहे.