गाडी का नाही घेतली भाड्यानं?

आज ऑफिसात जेवताना एक सहकारी म्हणाला, "एवढे पैसे घालून स्वित्झर्लंडला गेलात आणि ट्रेननं हिंडलात? बरोबर सासूसासरे, लहान मुलगी. सरळ गाडी घ्यायची ना भाड्यानं!" तेव्हा मी नुसतं 'हं' केलं. संध्याकाळी हिंजवडीहून निघाले, वाकडच्या पुलाच्या अलीकडे अडकले, डावा पाय क्लचवर दुखायला लागला आणि ते वाक्य डोक्यात भिनत गेलं. घरी येऊन चहासुद्धा न घेता लिहायला बसलेय.

अहो, गाडीपासून सुटका हवी म्हणूनच तर गेलो होतो! वर्षभर सकाळ-संध्याकाळ जे करतो तेच सुट्टीतही करायचं? तेही रस्त्याच्या उजव्या बाजूनं, अनोळखी घाटात, मोबाइलच्या नकाशाकडे बघत? बायको रस्ता सांगणार, नवरा चिडणार, मागे पोरं झोपणार. मग एवढ्या लांब जायचं कशाला?

आम्ही वेंगेनला राहिलो. लाउटरब्रुनेनच्या दरीवर, डोंगराच्या कुशीत वसलेलं गाव. तिथे गाडीरस्ताच जात नाही. खालून दातेरी रुळाची छोटी रेल्वे वर चढते, येणंजाणं तिनंच. ज्यांनी हौसेनं गाडी घेतलेली असते तेही ती खाली स्टेशनाजवळच्या पार्किंगमध्ये ठेवतात, तिचं भाडं भरतात आणि आमच्याच डब्यात येऊन बसतात.

एका दुपारी लेकीची टोपी खाली लाउटरब्रुनेनच्या फलाटावर, बाकावर राहिली. वर आल्यावर लक्षात आलं. अकरा वर्षांची आहे ती. म्हणाली, "आई, मी एकटी जाऊन आणू?" आणि मी "जा" म्हटलं. आईबापांबरोबर असली की फॅमिली कार्डावर पोरं फुकट जातात, एकटीला अर्धं तिकीट लागतं. ते काढून दिलं. ट्रेन दर अर्ध्या तासाला, खाली पोचायला पाव तासाच्या आत. गेली, टोपी घेतली, वर येणाऱ्या गाडीनं परत आली. पोरीला इतकं ताठ मानेनं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

हीच मुलगी इथे पुण्यात समोरच्या दुकानातून एक वही आणू शकत नाही. कारण मध्ये रस्ता आहे. बस्स, एवढंच कारण. फूटपाथवरून बाइक येतात, झेब्रा क्रॉसिंगवर कुणी थांबत नाही, उलट्या दिशेनं रिक्षा. म्हणून तिला क्लासला मी गाडीनं सोडते, शेजारीणही तिच्या मुलाला गाडीनं सोडते, आणि क्लासच्या दारात आम्हीच ट्रॅफिक जाम करतो. मुलांना रस्ता धोक्याचा म्हणून गाडी, आणि गाड्यांमुळे रस्ता धोक्याचा. याला प्रगती म्हणतात लोक! दारात दोन गाड्या असल्या की सुखवस्तू म्हणे.

हो, स्वित्झर्लंड महाग आहे. एकेका तिकिटाचे रुपये करून बघितले तर घास घशाखाली उतरत नाही. देश छोटा आहे, पैसेवाला आहे, तेही कबूल. पण तिथली ही रेल्वेची सोय काही आकाशातून पडलेली नाही. सगळ्या देशात रेल्वेगाड्या ठरावीक अंतरानं, तासातासाला त्याच मिनिटाला सोडायचं वेळापत्रक त्यांनी १९८२ साली आणलं. रेल्वेवर आणखी खर्च करायचा का, हे १९८७ मध्ये लोकांना मतदानानं विचारलं आणि लोक हो म्हणाले. त्याआधी १९७९ मध्ये पायवाटांचं कलम संविधानात घातलं, तेही मतदानानंच. पायवाटांचं! आज ६५,००० किलोमीटरच्या वाटा आहेत, पिवळ्या पाट्या लावलेल्या, आणि पाटीवर अंतर नाही, चालायला लागणारा वेळ लिहिलेला.

आणि आपण? २००६ मध्ये पुण्यात बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू केली आणि त्या मार्गिकेत बिनदिक्कत स्वतःच्या गाड्या घातल्या. मेट्रोचे खांब कितीही उभे करा, स्टेशनपर्यंत चालत जायला फूटपाथ नसेल तर माणूस गाडीच काढणार.

लिहितालिहिता राग जरा उतरला. बाबांबद्दल लिहायचंय.

बाबा म्हणजे माझे सासरे, सत्तरी ओलांडलेले. त्यांना घेऊन मेनलिखेनच्या डोंगरावरून क्लायने शायडेकच्या खिंडीपर्यंत चाललो. रोपवेनं वर जायचं आणि मग हलक्या उताराची वाट, समोर आयगर, म्योंश, युंगफ्राउ ही शिखरं. पाटीवर दीड तास लिहिलंय, आम्हाला त्याच्या दुप्पट लागला, कुणाला घाई होती? सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या परस्पर ट्रेननं शायडेकला येऊन बसल्या. बॅगा घेऊन गाड्या बदलताना त्यांना त्रास झाला, हे मान्य करते. पण एरवी त्या दोघांना डोंगरात असं आपापल्या जिवावर कोण फिरवणार होतं?

लेक टोपी घेऊन आली तेव्हा तिला घ्यायला बाबाच स्टेशनवर थांबले होते. मला म्हणाले, "तुझा नवरा या वयाचा असताना शिवाजीनगरहून लोकलनं एकटा चिंचवडला माझा डबा घेऊन यायचा."

मला हे माहीतच नव्हतं. बाबांनी सगळी नोकरी त्या लोकलनं केली. डब्यात पत्त्यांचा डाव, दिवाळीला एकमेकांच्या घरचा फराळ. रिटायर झाल्यावरही ती माणसं एकमेकांच्या घरी लग्नाकार्याला गेली. मी इतकी वर्षं हिंजवडीला जातेय, माझ्या शेजारच्या सीटवर माझी पर्स असते. एका पिढीत आपण हे घालवलं, आणि कुणाला चुटपुटसुद्धा नाही!

परदेश सगळ्यांना परवडणार नाही, माहितीय. पण आपल्याकडे माथेरान आहे की! गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे चालायचं. १९०७ पासूनची झुकझुक गाडी आहे. तरी आपण तिथेही नाक्यापर्यंत स्वतःची गाडीच दामटतो आणि पार्किंगसाठी भांडतो.

म्हणून ठरवलंय. येत्या शनिवारी सकाळच्या ट्रेननं पुण्याहून कर्जत, लोकलनं नेरळ, मग वर. बाबा येतायत, लेकीच्या दोन मैत्रिणी येतायत. माथेरानात गेल्यावर त्या तिघींना बाजारात एकटं सोडणार आहे, त्यांच्या आयांना तसं सांगूनच परवानगी घेतलीय. अजून कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. सॅक एकच, स्वतःला उचलता येईल एवढी. दुपारच्या दशम्या माझ्याकडून.