‘चालू कंडिशन’ म्हणजे नेमकं काय हो?

“मशीन एकदम चालू कंडिशनमध्ये आहे साहेब, फक्त या आणि उचलून न्या.” या एका वाक्यापायी माझे तीन रविवार गेले. कराडहून एकदा इचलकरंजी, एकदा सांगली आणि परवा थेट चिंचवड. पेट्रोल माझं, टोल माझा, वर अर्धा दिवस दुकान बंद. हातात काय? भोपळा.

मला २४ इंची जुना कटिंग प्लॉटर हवाय, रेडियमच्या चिकट कागदातून अक्षरं कापणारं मशीन. रेडियम मशीन म्हणतो आपण, ते. सध्या विकायला ढिगाने निघालेत आणि का निघालेत तेही उघड आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला शोरूममधूनच एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट यायला लागली, आता राज्यात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची केली. नंबरप्लेटवर ज्यांचं घर चालायचं त्यांच्या पोटावर पाय आला. विकणाऱ्याची अडचण मला कळते हो, मी त्याच धंद्यातला. पण म्हणून माझ्याच डोळ्यांत धूळ फेकायची?

चिंचवडचं ऐका. माणसाने प्लग लावला, ब्लेड धरणारी कॅरेज खरर्र करत इकडून तिकडे गेली, पॅनेलवरचं टेस्टचं बटण दाबलं, एक चौकोन कापला गेला. “बघा!” काय बघा? अहो, तो चौकोन मशीनच्याच पोटात भरलेला असतो. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, केबल लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही. यूएसबी पोर्ट जळून कोळसा झालेलं असलं तरी तो चौकोन झोकात निघतो. म्हटलं, लॅपटॉप आणलाय, माझी फाइल टाकतो. तर म्हणे, “याचं सॉफ्टवेअर आमच्याच कॉम्प्युटरवर चालतं.” मग तो लावा. “तो फॉरमॅट मारलाय.” आणि डोंगल, ते सॉफ्टवेअर उघडायची यूएसबीची किल्ली? “भावाकडे.” भाऊ कुठाय? “गावाला.” फोनवर हे सगळं सांगायला तोंड शिवलं होतं का? डोंगल नाही तर मी त्या मशीनवर काय, पापड वाळत घालू?

सांगलीवाल्याने निदान फाइल टाकू दिली. पण काय कापून दाखवतो, तर सहा इंची इंग्रजी ‘एच’. आडव्या-उभ्या रेघा! त्यात कुठल्या मशीनची चूक दिसणार आहे? मी माझं नेहमीचं ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ टाकलं, दीड सेंटीमीटर उंचीचं. वेलांट्या, गाठी, बारीक वळणं, मशीनचा खरा कस तिथे लागतो. कॅरेजचा पट्टा सैल असला की ब्लेड जिथून निघालं तिथे परत येत नाही, आकार तोंडाशी उघडा राहतो. सोलायला घेतलं आणि व्हायचं तेच झालं, जादाच्या रेडियमबरोबर रफारही उचकटून आला. गिऱ्हाइकाच्या रिक्षामागे मी ‘आशीवाद’ चिकटवू? यावर त्याचं उत्तर, “अक्षर मोठं घ्या की.”

आणि “एकदाच वापरलंय” म्हणणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार. ब्लेडखालची पांढरी पट्टी बघितली, पाट्याला टाकी लावावी तशी झालेली. कुठे ब्लेड खोल जाऊन खालचा कागद फाटतो, कुठे रेडियमच सुटत नाही. तरी एकदाच वापरलंय! एकदाच म्हणजे काय, सलग दहा वर्षं एकदाच का?

बरं, मी काही अवाजवी मागत नाही. पट्टी बदलता येते, ब्लेड तर आपण नवीनच घालतो. लिव्हर खाली ठेवून मशीन वर्षभर कोपऱ्यात टाकलं की रेडियम दाबून धरणाऱ्या पिंच रोलरचं रबर एका बाजूला चपटं होतं, तेही चालेल, रोलर मिळतात. सरळ सांगा, तेवढे पैसे कमी करा, मी गुपचूप घेऊन जाईन. पण बोर्ड गेलेला, मोटर मध्येच स्टेप खाते, म्हणजे फिरताना टप्पे गाळते, आणि हे मात्र सांगायचं नाही.

लांब काम चालवून बघायचं म्हटलं की तर यांच्या पोटात गोळाच येतो. माझी पद्धत साधी. ब्लेड काढून त्या जागी पेन लावायचं, तीन मीटरचं एक चित्र काढायचं आणि रोल न हलवता तेच पुन्हा काढायचं. दुसरी रेघ पहिल्या रेघेवरून गेली तर मशीन घ्यायचं, दोन रेघा दिसल्या तर घरचा रस्ता. इचलकरंजीला हे सुरू केलं, तर “एवढं रेडियम कशाला वाया घालवता?” अरे बाबा, माझं रेडियम, मी कराडहून आणलेलं! तुझं काय जातंय? जात काय होतं ते दुसऱ्याच मीटरला कळलं. मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं, कॅरेज जाऊन उजवीकडे उभी. “लाइटचा प्रॉब्लेम.” भिंतीवरचा पंखा मात्र मस्त फिरत होता. अर्थिंग आहे का विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या जमिनीचा सातबारा मागितला.

सगळ्यात वर, हे लोक चिडतात. “घ्यायचं तर घ्या, नाहीतर सोडा, दहा जण रांगेत आहेत.” कुठे आहे ती रांग? दोन महिने झाले, जाहिरात तीच, फोटो तोच, मशीनवरची धूळही तीच.

काल रात्री चिंचवडवाल्याचा मेसेज आला. भाऊ गावाहून आलाय, डोंगल काही सापडत नाहीये, हजार रुपये कमी करतो, रविवारी येताय का?