बेसबॉलवर लेख लिहायचाय? मग मॅच कशाला बघता!

परभणीत बसून अमेरिकेतल्या बेसबॉलवर मराठीत लिहावं असं तुमच्या डोक्यात आलं असंल तर आधी डोक्याला तेल चोळा आणि गुमान झोपा. उठल्यावरही तेच डोक्यात असंल तर मग माझे सल्ले घ्या. फुकट आहेत. हे सल्ले मी स्वतः पाळले नाहीत म्हणून मागच्या आठवड्यात लई वाईट तोंडावर पडलोय, त्यामुळं अनुभवाचे बोल समजा.

सगळ्यात आधी, मॅच बघू नका. मॅच बघणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे. तिकडं न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे ८ वाजले की आपल्याकडं पहाटेचे ५:३०, म्हणजे ज्या टायमाला शहाणा माणूस पाणी आलं का ते बघतो, दूध घेतो, त्या टायमाला तुम्ही मोबाईल उभा करून बसणार आणि घरचे म्हणणार, "दहावीला असं उठला असतास तर आज दुकानात बसला नसतास." एका सीझनला एका टीमच्या १६२ मॅची, टीमा ३०. करा हिशोब आणि पांघरूण ओढा.

मी येडा, मी बघतो. २८ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, वर्ल्ड सिरीजची, म्हणजे सीझनच्या शेवटच्या फायनलची, तिसरी मॅच, लॉस एंजेलिस डॉजर्स आणि टोरंटो ब्लू जेज. दोन इनिंग बघून आंघोळीला जाऊ म्हणून बसलो. सातव्या इनिंगला डॉजर्सच्या शोहेई ओहतानीनं होमरन (आपल्या सिक्ससारखा, बॉल थेट बाहेर) मारून ५-५ केलं आणि ते जे ५-५ वर अडकलं ते हलंचना. नऊ इनिंगची मॅच, बरोबरीत सुटत नाही, कोणतरी पुढं जाईपर्यंत खेळायचं. साध्या सीझनच्या मॅचला २०२० पासून एक्स्ट्रा इनिंगमध्ये एक गडी आधीच दुसऱ्या बेसवर (चार बेस फिरलं की एक रन) उभा करतात, लवकर निकाल लागावा म्हणून, पण प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) आणि वर्ल्ड सिरीजला तसली सवलत नाही. मग दहावी झाली, अकरावी झाली, बारावी झाली (इथं आमच्या आईनं "बारावी तरी झाली" असा टोमणा मारला), आणि मी तसाच पारोसा दुकान उघडायला गेलो.

दुकान म्हणजे ऑनलाइन फॉर्मचं. झेरॉक्स, पॅन कार्ड, सातबारा, केवायसी. त्या दिवशी केवायसीची रांग पार रस्त्यापर्यंत. सर्व्हरचं काय सांगू, तुम्हाला माहीतच आहे. त्यात एक आज्जी. जन्मभर कापूस वेचून, भाकरी थापून बोटांवरच्या रेघाच गेलेल्या, त्यामुळं मशीन काय अंगठा घेईना. ओला फडका लावला, कोरडा लावला, डोक्यावरून फिरव म्हणलं म्हणजे जरा तेल लागंल, तरी "पुन्हा प्रयत्न करा". आणि इकडं कीबोर्डच्या मागं मोबाईलवर विल क्लाइन नावाचं पोरगं बॉल टाकायलंय.

हे पोरगं कोण, तर डॉजर्सच्या बुलपेनमधलं, म्हणजे राखीव पिचरांमधलं (पिचर म्हणजे बॉल टाकणारा), शेवटचं माणूस. आधीच्या तिन्ही राउंडला त्याचं यादीत नावसुद्धा नव्हतं. बाकी सगळे पिचर टाकून संपले, मग पंधराव्या इनिंगला ह्याला बाहेर काढला, दुसरं कोणी उरलंच नाही म्हणून. आणि गड्यानं चार इनिंग टाकल्या, ७२ बॉल, एक रन दिला नाही. दोनच दिवस आधी पूर्ण मॅच टाकलेला डॉजर्सचाच पिचर यामामोतो तिकडं हात गरम करायला उठला होता, म्हणजे क्लाइनच्या मागं आता कोणीच नाही हे सगळ्या स्टेडियमला दिसत होतं. आणि हे पोरगं टाकतच होतं.

अठरावी इनिंग. दुपारचे १२ वाजून गेलेले. मी आज्जीचा अंगठा धरून मशीनवर दाबलेला, मशीन हिरवी झाली आणि त्याच क्षणाला डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमननं होमरन मारला सेंटर फील्डच्या पार. ६-५. ६ तास ३९ मिनिटं. आज्जी म्हणाली, "उमटलं का रे लेकरा?" मी म्हणलं, "गेला आज्जी, बाहेर गेला!" आज्जी घाबरली, तिला वाटलं पैसा दुसऱ्याच्या खात्यात गेला.

तर असं होतं, म्हणून मॅच बघू नका.

दुसरं, बेसबॉलला क्रिकेटच म्हणा. "तेच की ओ, फक्त बॅट गोल." वाद मिटतो, चहा येतो.

बॅट घ्या, बॉल घेऊ नका. आपल्याकडं बेसबॉलची बॅट गाडीच्या सीटखाली असते, ग्लोव्ह कुठं मिळतो हे बॅट विकणाऱ्यालाही माहीत नसतंय.

खेळाडूच व्हायचं असंल तर आधी सर्टिफिकेटचं बघा. दहावीला ग्रेसचे मार्क, पुढं नोकरीला खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, त्यामुळं आमच्या भागात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल माहीत नसलेला पालक सापडायचा नाही, पण एका इनिंगला किती आउट असतात ते विचारा, इकडं तिकडं बघतात. (खरं खेळणारी पोरंपोरी आहेत, उन्हात घाम गाळतात, त्यांना हे लागू नाही. त्यांनाच ह्या सर्टिफिकेटवाल्यांचा त्रास जास्त.)

रिंकू सिंगवर लिहू नका. २००८ साली एका टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडला जाऊन पिट्सबर्ग पायरेट्स ह्या बेसबॉल टीमशी करार केलेला भालाफेकवाला रिंकू सिंग, त्याच्यावर मी लिहिलं होतं. खाली सतरा जणांनी त्या पाच सिक्सचं कौतुक केलं.

पैशाची अपेक्षा ठेवू नका. बिल जेम्स नावाचा माणूस कॅन्ससमध्ये एका डबाबंद खाण्याच्या कारखान्यात रात्रीचा वॉचमन होता, पहाऱ्यावर बसल्या बसल्या आकडे मांडायचा, १९७७ ला स्वतःच छापून काढलं, पहिल्या खेपेला ७५ च्या आसपास प्रती गेल्या, आणि पुढं अख्ख्या खेळाची आकडेमोड त्यानं बदलली. पण तो कॅन्ससमध्ये होता. आणि त्याच्या कारखान्यात आमचे सर येत नव्हते.

आता मुख्य सल्ला. लेख लिहायचाच असंल तर लिहू नका, उचला.

मी चार रात्री बसून लिहिला होता. दुकान बंद करून, शटर अर्धं खाली ओढून, मोबाईलवर एका बोटानं. अठरा इनिंग, आज्जीचा अंगठा, आणि जास्ती करून क्लाइन, कारण मला लिहायचं होतं ते त्याच्यावरच. ओहतानीवर सगळं जग लिहितंय, त्या मॅचला तो ९ वेळा बेसवर गेला, लिहायलाच पाहिजे. पण यादीतलं शेवटचं नाव, ज्याला कोणी विचारत नाही, त्याच्यावर अख्खी मॅच येऊन पडते आणि तो पेलतो, आणि मॅच संपल्यावर ८९ वर्षांचा सँडी कोफॅक्स, ज्याला पिचर लोक देव मानतात तो, तेवढ्या रात्री थांबून ह्याचा हात हातात घ्यायला ड्रेसिंग रूममध्ये येतो. हे लिहिताना माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. टाकला ग्रुपवर. सहा अंगठे आले. एकानं विचारलं, "थोडक्यात सांगा ना."

मागच्या आठवड्यात एक सर दुकानात आले. संस्थेचं नाव सांगत नाही, वार्षिकांक निघणार होता. म्हणले, "एक पीडीएफ पाठवलीय, कलर प्रिंट मार, २० प्रती, वर माझा फोटो आहे तो नीट आला पाहिजे." मी मारायला लावली आणि पहिलं पान बाहेर आल्यावर वाचलं.

"क्रीडाविश्वातील एक अविस्मरणीय थरार." अठरा इनिंगची अठरा षटकं झालेली. पुढं, "प्रस्तुत लेखक एका ज्येष्ठ ग्रामीण भगिनीस डिजिटल सेवेचा लाभ मिळवून देत असताना हा ऐतिहासिक क्षण घडला." मी तीनदा वाचलं. आज्जीचा अंगठा सरांनी पुसला होता! क्लाइनच्या जागी एक वाक्य होतं, "डॉजर्सच्या गोलंदाजांनीही प्रभावी कामगिरी केली." बस्स. आणि शेवटी, तुम्ही ओळखलंच असंल, जिद्द, चिकाटी, संघभावना आणि यशाची गुरुकिल्ली.

मी विचारलं, "सर, हे कुणी लिहिलं?" सर म्हणले, "मीच. म्हणजे एक लांबलचक फॉरवर्ड आला होता, अगदी गावठी भाषेत, तो एआयला दिला, म्हणलं शुद्ध मराठीत दोनशे शब्द कर. आता लिहायला वेळ कुणाला आहे? तू पण वापरत जा, दुकान एवढं टेक्नॉलॉजीचं तुझं."

आणि मी काय केलं? वीस प्रिंट मारल्या. स्वतःचाच लेख, दुसऱ्याच्या फोटोखाली, स्वतःच्या शाईनं. सर म्हणले, दहा रुपये लई होतात, आठ लाव. मग म्हणले, पैसे नंतर देतो, प्रती राहू दे इथंच, शिपाई येईल. वर म्हणले, "तुला समजलं का काय लिहिलंय? वाच, चांगलं असतंय वाचन."

एआयला काय बोलू, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. मी दिवसभर त्याच्याकडून अर्ज लिहून घेतो, माझं काही म्हणणं नाही. पण बेसबॉलला बॉक्स स्कोअर म्हणून एक तक्ता असतो. हेन्री चॅडविक नावाचा माणूस, मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटच्याच बातम्या देणारा, त्यानं एकोणिसाव्या शतकात तो रुळवला. त्यात रन कुणाचा, हिट कुणाचा ते तर असतंयच, पण तुम्ही नुस्ता बॉल अडवून दुसऱ्याकडं फेकला आणि त्यानं आउट केलं तरी तुमच्या नावावर असिस्ट लागतो. आणि हातातून सुटला तर एरर, तोही नावानिशी. दीडशे वर्षांहून जास्त झाली, एवढं साधं काम तिथं रोज होतंय, आणि इथं एका पानावर एक नाव टिकत नाही.

सर, आता तुमच्याशीच बोलतो, कारण हे थोडक्यात करून का होईना तुमच्याकडं पोचणारच आहे. तुम्ही माझ्या वडलांच्या वयाचे, म्हणून दुकानात तोंड उघडलं नाही. चूक झाली, उघडायला पाहिजे होतं. तुम्ही मॅच बघितली नाही. तुम्ही लेखसुद्धा वाचला नाही, वाचला असता तर षटकं झाली नसती. शाळेत पोरगं कॉपी करताना सापडलं तर त्याला तुम्ही वर्गाबाहेर उभं करता, आमच्या वेळेला केलं होतं, मला आठवतंय. लाज वाटायला पाहिजे. माझं नाव काढलं, काढा, मी कोण मोठा लागून गेलो. आज्जीचा अंगठा पुसायची हौस असंल तर सोमवारी ती परत येणारे, तिची केवायसी रिजेक्ट झालीय, या सकाळी दहाला, फडका ओला करून ठेवतो. पण त्या पोराचं नाव काहून काढलं? त्याच्यासाठीच लिहिला होता ना सगळा लेख! दोनशे शब्दांत यशाची गुरुकिल्ली बसली आणि विल क्लाइन हे दोन शब्द बसले नाहीत?

वीसही प्रती काउंटरवर तशाच पडल्यात. शिपायाला पाठवू नका, स्वतः या, आणि प्रत्येक प्रतीवर तुमच्या फोटोच्या खाली हातानं लिहा, विल क्लाइन, चार इनिंग, ७२ बॉल, शून्य रन. पेन मी देतो.