हेलींची मते म्हणजे अपक्षांची मते नव्हेत

२०२४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, रिपब्लिकन उमेदवारीसाठी ट्रम्प यांच्याविरुद्ध उतरलेल्या निकी हेली यांना मिळालेली मते ही ‘अपक्ष मतदारांची’ होती आणि डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांनी ती हातची घालवली, हे एका लेखातील विधान मला मान्य नाही. या राज्यात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत त्या पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांनाच मतदान करता येते. अपक्षांना, म्हणजे कोणत्याच पक्षाकडे नाव न नोंदवलेल्यांना, तिथे प्रवेशच नसतो. हेली मार्चमध्ये शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या, तरी २३ एप्रिलला त्यांना दीड लाखाहून अधिक मते पडली, आणि ती सगळी नोंदणीकृत रिपब्लिकनांची होती. ट्रम्प यांच्यावरची नाराजी त्यांत नक्कीच होती, पण नाराज माणूस लगेच पक्ष ओलांडतो असे धरून चालणे धाडसाचे आहे.

मी फिलाडेल्फियाजवळ राहते आणि त्या ऑक्टोबरमध्ये हॅरिस यांच्या प्रचारासाठी दारोदार फिरले. एप्रिलमध्ये हेलींना मत दिलेल्या एका निवृत्त बाईंनी मला दारातच थांबवून किराणा सामानाची दोन बिले दाखवली, एक जुने आणि एक त्याच आठवड्यातले, आणि अंड्यांच्या किमतीवर बोट ठेवले. त्याच महिन्यात ट्रम्पविरोधी रिपब्लिकन नेत्या लिझ चेनी हॅरिस यांच्यासोबत आमच्या शेजारच्या चेस्टर काउंटीत येऊन लोकशाहीवर पोटतिडकीने बोलल्या. ते मला मनापासून पटले होते, पण त्या बाईंच्या हातातल्या बिलांना माझ्याकडे उत्तर नव्हते. ट्रम्प यांनी हे राज्य सुमारे १ लाख २० हजार मतांनी जिंकले.