‘क्रूझवर काहीच बघावं लागत नाही’ : फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण गाभा तोच. एकदा तिकीट काढलं की खिशात हात घालायला नको. पासपोर्ट-व्हिसाची कटकट नाही, कारण तुम्ही कुठल्या देशात ‘राहत’ नाही. केबिनमध्ये किटली लावून आपलं उपमा-मॅगी करता येतं. सुरुवातीच्या ड्रिलला, म्हणजे धोक्याच्या वेळी काय करायचं त्या सरावाला, दांडी मारा, तेव्हा जेवणाला गर्दी नसते. बंदरावर निवांत फिरा, जहाज तुम्हाला सोडून जात नाही. बोट लागत नाही, आणि सॅनिटायझर जवळ असला की आजारपण नाही.

पहिल्यांदा जाणारी माणसं, विशेषतः निवृत्तीनंतर हौसेनं निघालेले आई-वडील, असे मेसेज जपून ठेवतात आणि त्यावर विसंबून तयारी करतात. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला हवं. या सगळ्या सल्ल्यामागे एकच समजूत आहे : क्रूझ म्हणजे पाण्यावरचं हॉटेल. पण ते जहाज आहे. ते देशांच्या सीमा ओलांडतं, त्याचं घड्याळ वेगळं असतं, आणि आग लागली तर बाहेर पळायला रस्ता नसतो. हे लक्षात घेतलं की मेसेजमधले बहुतेक मुद्दे गळून पडतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक पासपोर्ट-व्हिसाची, म्हणून आधी ती.

मेसेजचं म्हणणं एका ठिकाणी खरं आहे. मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या देशांतर्गत फेरीला भारतीय नागरिकाला पासपोर्ट लागत नाही, सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. पण हेच जहाज श्रीलंकेला जाणार असेल तर पासपोर्ट लागतोच. ‘मागच्या वेळी आधारवर गेलो होतो’ हे तिथे चालत नाही.

‘पासपोर्टशिवाय परदेशी क्रूझ’ ही गोष्ट मुळात आली अमेरिकेतून. अमेरिकेच्या एखाद्या बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या फेरीला अमेरिकी नागरिक जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्रावर परत येऊ शकतात. सवलत त्यांच्या नागरिकांपुरती आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणारा मुलगा अमेरिकी नागरिक झालेला असतो, तो हा नियम वाचतो आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचंही तिकीट काढतो. आई-बाबांचा पासपोर्ट भारतीय, व्हिसा अमेरिकेचा पर्यटक. त्यांना या सवलतीचा काहीच उपयोग नाही.

अलास्काच्या क्रूझचं उदाहरण तर प्रत्येक मराठी घराला माहीत असायला हवं, कारण अमेरिकेतली आपली माणसं उन्हाळ्यात आई-वडिलांना हौसेनं तिथेच नेतात. जहाज सिअ‍ॅटलहून निघतं आणि सिअ‍ॅटललाच परततं. जूनो, केचिकन ही सगळी अमेरिकेतली गावं. मग दुसऱ्या देशाचा प्रश्न येतो कुठे? तो येतो १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यामुळे. परदेशी झेंडा लावलेल्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमध्ये प्रवाशांची फेरी करता येत नाही, मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. म्हणून परतीच्या वाटेवर, बहुतेक वेळा संध्याकाळच्या काही तासांसाठी, जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागतं. हा कायदा इतका पक्का आहे की २०२१ मध्ये कोविडमुळे कॅनडाने बंदरं बंद ठेवली, तेव्हा अलास्काचा हंगाम वाचवायला अमेरिकी संसदेला वेगळा तात्पुरता कायदा करावा लागला.

याचा अर्थ साधा आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असला तरी कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांनाही तो लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाच्या व्हिसातून सूट आहे, त्यामुळे एकाच घरातल्या चार माणसांचे चार वेगळे नियम असू शकतात. ‘व्हिक्टोरियाला आम्ही उतरणारच नाही’ हे उत्तर कामाला येत नाही. कागद सिअ‍ॅटलला चढतानाच तपासतात, आणि तिथे अडलात तर तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. कॅनडाच्या व्हिसाला वेळ लागतो, म्हणून तिकीट ठरवायच्या आधीच अर्जाचा विचार करा.

युरोपात घोळ होतो तो ‘किती वेळा प्रवेश’ या रकान्यात. बार्सिलोनाहून निघालेलं जहाज ट्युनिशियाला किंवा तुर्कस्तानला जाऊन परत आलं की तुम्ही शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर पडून दुसऱ्यांदा आत येता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो पहिल्या दिवशीच वापरून झालेला असतो. एड्रिअ‍ॅटिक समुद्रातल्या फेरीत हे चटकन लक्षात येत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, पण शेजारचं माँटेनेग्रो नाही, आणि तिथल्या कोटोर बंदराचा निसर्ग सुंदर असल्यामुळे बरीच जहाजं तिथे थांबतात. अर्जासोबत क्रूझचा पूर्ण मार्ग जोडा आणि अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. सिंगापूरहून निघणाऱ्या फेऱ्यांनाही हेच लागू. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला आहे, पण ती सवलत मुदतीची आहे, म्हणून निघायच्या महिन्यात नियम पुन्हा तपासा. शिवाय तुम्हाला परत सिंगापुरात शिरायचं असतं, तो दुसरा प्रवेश. एजंटने ‘सगळं बघून घेतो’ म्हटलं तरी मार्गातल्या प्रत्येक बंदराचं नाव कागदावर लिहून त्याच्यापुढे देश आणि व्हिसा असे दोन रकाने स्वतः भरा.

‘किटली न्या, केबिनमध्येच उपमा करा.’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो प्रेमापोटी दिला जातो आणि धोकादायक आहे. किटली, इस्त्री, इंडक्शनची शेगडी, तापणारी कुठलीही वस्तू बहुतेक सगळ्या क्रूझ कंपन्यांनी बंद केलेली आहे. तपासणीत सापडली तर काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन हेही त्यातच येतं. रोज देवापुढे दिवा लावायची सवय असलेल्या आजीला हे घरीच समजावून सांगा, जहाजावर कुणी परक्यानं सांगितलं तर तिला वाईट वाटेल. सर्ज प्रोटेक्टर असलेलं एक्स्टेन्शनही नेऊ नका. जहाजाच्या विजेची रचना घरच्यापेक्षा वेगळी असते, आणि त्यावर अशी उपकरणं तापून पेटू शकतात.

नियम विनाकारण कडक नाहीत. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या बाल्कन्यांना आग लागली, आणि कारण बहुधा एक विझवलेली नसलेली सिगारेट होती. एक प्रवासी दगावला, कितीतरी केबिन जळल्या. समुद्रात अग्निशमन दल येत नाही, जहाजावरचे कर्मचारीच आग विझवतात. खाण्याची काळजी असेल तर शाकाहारी किंवा जैन जेवण हवं हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. सोबत खाकरा, चिवडा, लाडू असं बंद पाकिटातलं कोरडं खाणं न्या. मात्र बंदरावर उतरताना फळं, घरचे पदार्थ पिशवीत ठेवू नका. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत त्यासाठी मोठा दंड होतो.

ड्रिल चुकवण्याच्या सल्ल्याला उत्तर म्हणजे १३ जानेवारी २०१२ ची रात्र. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं, जहाजावर चार हजारांहून जास्त माणसं होती, ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते चढल्यापासून २४ तासांत घेतलं तरी चालत होतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल सक्तीचं झालं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा. तो ऐकून कुठे जमायचं हे केबिनच्या दारामागे लिहिलेलं असतं. आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ फोनवर किंवा टीव्हीवर बघायचा आणि आपल्या जागी जाऊन नोंद करायची, इतकंच असतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ ला बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ती आठवण अजून आहे. तिच्यावरच्या माणसांना कुणी काही शिकवलं नव्हतं. तुम्हाला शिकवतायत, तर जा. सोबतच्या म्हाताऱ्या माणसाला जिना चढवत नसेल तर त्याच वेळी कर्मचाऱ्यांना सांगा, ते नाव नोंदवून घेतात.

‘जहाज थांबतं’ : थांबत नाही. कंपनीने स्वतः आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर ते साधारणपणे वाट बघतात, खासगी टॅक्सीनं गेलेल्यांसाठी नाही. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ जहाज आठ प्रवाशांना मागे ठेवून निघालं. ते खासगी सहलीवरून उशिरा परतले होते. त्यांना अनेक देशांतून धावाधाव करत शेवटी सेनेगलच्या डकारला जहाज गाठावं लागलं. आपल्या पासपोर्टवर अशी धावाधाव जवळपास अशक्य होईल, कारण त्या वाटेवरच्या देशांचे व्हिसा हातात नसतात. चढण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. जहाजाची वेळ आणि गावातली वेळ यात तासाभराचा फरक असू शकतो. मोबाइल आपोआप गावातली वेळ दाखवायला लागतो आणि तिथेच फसगत होते. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. पासपोर्टची छायाप्रत, औषधं आणि थोडे पैसे उतरताना अंगावर असू द्या. आणि जहाज पकडायला विमान किंवा कोकणातून रेल्वे त्याच दिवसाची घेऊ नका, आदल्या दिवशी पोचा.

पैशांचं लवकर सांगतो. तिकिटात राहणं, मुख्य जेवण, बुफे, कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव येतो. दारू, बहुतेक ठिकाणी शीतपेयं, खास रेस्टॉरंट, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, धुलाई, फोटो, डॉक्टर यांचे पैसे वेगळे. आंतरराष्ट्रीय कंपन्या बहुधा माणशी दिवसाला १५ ते २० डॉलर टिप आपोआप लावतात. १८ डॉलर धरले तर चौघांच्या सात दिवसांचे ५०४ डॉलर झाले. ते सुरुवातीच्या हिशेबातच धरा. शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ही टिप काढून टाका असंही मेसेजमध्ये असतं. कृपा करून तसं करू नका. खोली लावणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसांच्या कमाईत तिचा वाटा मोठा असतो, आणि त्यात गोव्याची, कोकणातली पोरं खूप आहेत. महिनोन्‌महिने घरापासून लांब राहून ती तुमची पलंगपोस बदलत असतात. आणखी एक : चढल्याबरोबर फोन फ्लाइट मोडवर टाका. किनारा दूर गेला की जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडलं जातं, ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा येत नाही, आणि बिल हजारांत जातं.

बोट लागते. जहाजाच्या कुशीला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात, पुढच्या टोकापासून मागपर्यंतचं वर-खाली होणं नाही. ज्याला एसटीत मळमळतं त्यानं केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्यावी, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. गोळी त्रास सुरू झाल्यावर नाही, तासभर आधी घ्यायची. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि ती घेऊन झोप येते हेही लक्षात ठेवावं. ऋतूही बघा. नारळी पौर्णिमेपर्यंत आपले कोळी समुद्रात जात नाहीत, यामागे शतकांचं शहाणपण आहे. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीतून उतरावं लागतं. वारा वाढला की ते उतरणं रद्द होतं, आणि कराराप्रमाणे कंपनीला बंदर वगळण्याचा हक्क असतो.

सॅनिटायझरबद्दल : क्रूझवर पसरणारा, उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरनं नीट मरत नाही. जेवणाआधी आणि शौचालयातून आल्यावर साबणपाणीच हवं. उलट्या-जुलाब झाले तर लपवू नका, जहाजावरच्या दवाखान्यात कळवा. दोन दिवस केबिनमध्ये बसावं लागेल, पण शेजारच्या टेबलावरचे सत्तरीचे आजोबा वाचतील. तो दवाखाना सरकारी नाही, बिल डॉलरमध्ये येतं. म्हणून विमा घेताना वैद्यकीय खर्च आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च, दोन्ही त्यात आहेत का आणि जुना आजार मान्य केला आहे का, हे वाचून घ्या.

शेवटचं, जे मेसेजमध्ये नाही. धक्क्यावर सोपवलेली मोठी बॅग केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते, कधी रात्रही. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, पासपोर्ट आणि एक बदलायचा कपडा हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. गोळ्या फेरीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या घ्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ घटकाचं नाव लिहून घ्या. परदेशी बंदरातल्या दुकानदाराला तेच कळतं.