एल्कच्या रानातला संसार

शिकारीला निघालेली माणसं शिकारीबद्दल फार कमी बोलतात. बोलतात ती गादीबद्दल. कोलोरॅडोत ऑक्टोबर लागला की आमच्या ऑफिसात डबे खाताना हेच सुरू होतं: कोणाची खाट करकरते, कोणाच्या तंबूत धूर कोंडतो, उशी न्यावी की जाकिटाची घडी डोक्याखाली घ्यावी. बंदुकीचा विषय निघालाच तर अगदी शेवटी, बडीशेपेसारखा.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे शिकार ही जुन्या फोटोत बघायची गोष्ट. महाराजांनी शिकारीसाठी राखलेलं दाजीपूरचं रान 1958 सालीच अभयारण्य झालं, आणि 1972 च्या कायद्यानंतर तर सशाकडेसुद्धा जपून बघावं लागतं. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ‘एल्कच्या शिकारीला येतोस का?’ (एल्क म्हणजे इथलं भलंमोठं हरीण) असं विचारल्यावर मी म्हणालो, ‘मला फक्त रस्सा करता येतो.’ तो त्याने नोकरीचा अर्ज समजून जागच्या जागी मंजूर केला.

तळ फ्लॅट टॉप्सच्या पठारावर, 10,000 फुटांच्या आसपास. गाडीरस्ता संपतो तिथून पुढे खेचरं. खेचरवाला प्रत्येक पेटी हाताच्या काट्याला टांगून तोलतो, कारण दोन्ही बाजूंचं ओझं सारखं नसलं तर खेचराची पाठ सोलते. माझा कुकर, तूरडाळ आणि मसाल्याचा डबा एका बाजूला, कुऱ्हाड आणि तंबूच्या मेखा दुसऱ्या बाजूला. माझं पारडं जड निघालं. खेचरवाल्याने माझ्याकडे पाहिलं, खेचरानेही पाहिलं, आणि मेखांच्या पेटीत दोन दगड टाकून हिशेब मिटवला.

तळाचे सर्वेसर्वा म्हणजे सहकाऱ्याचे सासरे. सत्तरी ओलांडलेले. त्यांना सगळे आजोबाच म्हणायचे. इथे बंदूकवाल्याच्या अंगावर निदान 500 चौरस इंच भडक नारिंगी रंग दिसायला हवा, असा कायदा आहे. एल्कला तो रंग आपल्याइतका भडक दिसत नाही. सोय आहे ती माणसाने माणसाला मारू नये म्हणून. 2016 पासून नारिंगीऐवजी गुलाबीही चालतो. आजोबांनी गुलाबी निवडला होता. कोणी हसलं नाही. बंदूक त्यांच्याकडे होती.

तंबूच्या जागेवरून त्यांनी जे नखरे केले, ते आमच्याकडे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातही कोणी करत नाही. ओढ्याकाठचं मऊ गवत मला एकदम पसंत होतं. ते नामंजूर: रात्री गार हवा उतरून तळाशीच साचते, शिवाय पाण्यापासून निदान 200 फूट लांब राहायचं. दुसरी जागा सपाट, पण आजोबांनी खाली पाहिलंच नाही, वर पाहिलं. तिथे वाळलेला स्प्रूस उभा होता. खोडकिड्याने मेलेली झाडं या भागात खूप, आणि वारा सुटला की ती कोणावर पडायचं ते विचारून पडत नाहीत. शेवटी चढावरचा एक टप्पा ठरला, सकाळचं ऊन पहिल्यांदा पोचेल असा. मग संध्याकाळपर्यंत काटक्या वेचणं, खाटा मांडणं, कॅनव्हासच्या छतातून शेगडीचं धुराडं बाहेर काढणं. घरी स्वतःचा कपही न विसळणारे हे लोक इथे चमचे कुठल्या डब्यात ठेवायचे यावरून तावातावाने भांडत होते.

आता स्वयंपाक. त्या उंचीवर पाणी 90 अंशांनाच उकळतं, म्हणजे उघड्या पातेल्यात तूरडाळ संध्याकाळपर्यंत नुसती पोहत राहते. यावर या लोकांचा उपाय म्हणजे सुकवलेल्या जेवणाची पाकिटं. वर गरम पाणी ओतायचं आणि चवीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मी कुकर लावला. दुपारची वेळ, पहाटेपासून भटकून सगळे आडवे झालेले. पहिली शिट्टी झाली आणि आजोबा नुसत्या मोज्यांवर तंबूबाहेर आले. ओठांवर बोट.

‘नर आहे,’ ते कुजबुजले. ‘मोठा आहे.’

माजावर आलेला एल्क लांबलचक शीळ घालतो. पण ऑक्टोबरच्या मध्याला तो बराचसा गप्प झालेला असतो, त्यामुळे त्यांना झालेला आनंद बघवत नव्हता. दुसरी शिट्टी झाली तेव्हा त्यांनी दिशा ओळखली. त्या दिवसापासून कुकरला परवानगी, शिट्टीला बंदी. शिट्टी यायच्या बेताला ज्योत बारीक करण्यासाठी मी कुकरवर डोळे लावून बसायचो. खऱ्या शिकाऱ्याची एकाग्रता त्या तळावर एवढीच काय ती पाहायला मिळाली.

फोडणीचं प्रकरण वेगळंच. एल्कला वास फार लांबून लागतो, म्हणून ही मंडळी बिनवासाच्या साबणाने अंघोळ करून आलेली, आणि मी हिंग-लसूण घेऊन. आजोबांकडे पावडरीची एक छोटी बाटली असते. ती दाबली की पांढरा फुगारा उडतो आणि वारा कुठे चाललाय ते कळतं. ते माझ्या कढईशेजारी येऊन फुस्स करायचे. सकाळी हवा दरीत उतरते, ऊन चढलं की डोंगर चढू लागते. फुगारा एल्कच्या बाजूला गेला की मोहरी तडतडायला बंदी.

रात्री सगळं खाणं झाडाला, जमिनीपासून निदान 10 फुटांवर. अस्वलं थंडीआधी अधाशासारखी खातात आणि त्यांना टूथपेस्टही चालते. माझ्या मसाल्याच्या डब्याला त्या रात्री टूथपेस्टचा शेजार मिळाला.

झोपायच्या पिशवीत मात्र मला जागा मिळेना. पाण्याचा फिल्टर गोठला की निकामी होतो, तो आत. फोन आणि बॅटऱ्या गारठतात, त्या आत. उद्याचे मोजे, स्टोव्हचं गॅसचं डबडं, गरम पाण्याची बाटली, सगळं आत. मी कडेला.

आणि शेगडी पहाटे दोनला विझते. विझते तेव्हा सगळ्यांना जाग येते, आणि उठून लाकूड कोणी घालायचं हे ठरू नये म्हणून सगळे एकदम घोरायला लागतात. इतकं शिस्तीतलं घोरणं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. बाहेर उणे आठ. जावई सासऱ्यांसाठी उठत नव्हता, सासरे तत्त्वासाठी.

एल्क मिळाला, जावयालाच. तीनशे किलोंहून जास्त वजनाचा प्राणी. त्याचे भाग करणं, कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगणं यात पुरा दिवस गेला. रात्री मी कांदा-खोबरं भाजून तांबडा रस्सा केला, सोबत ठेचा. आजोबांनी ठेचा चमच्याने खाल्ला, चटणी म्हणून नव्हे, भाजी म्हणून. कोणी अडवलं नाही. पुन्हा, बंदूक त्यांच्याकडे होती.

पहाटे दोनच्या सुमारास ते जाकीटही न घालता तंबूबाहेर धावले. बराच वेळ बाहेर होते. परत आले ते हातात लाकडाचे दोन ओंडके घेऊन, आणि काही न बोलता शेगडी पेटवून झोपले.

पुढच्या रात्रींना पाळीचा वाद झालाच नाही. ठेचा कोणाला जास्त वाढायचा, एवढंच मी आणि जावई जेवणाआधी ठरवायचो.