दारातला निंब कायदेशीरपणे कसा मारावा

जळगावात नवे घर बांधू इच्छिणाऱ्यांसाठी शेजारच्या प्लॉटवरील एका आदर्श बांधकामाच्या आधारे काही सूचना येथे देत आहे.

जमीन शक्यतो काळी आणि कसदारच निवडावी. जिथे पिढ्यान्‌पिढ्या कापूस आणि केळी पिकली, तिथे मुरूम दाबून भरण्याचे समाधान खडकाळ पडिकावर मिळत नाही. वाळू गिरणेचीच आणावी, पण रात्री. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते, ही चिंता विहीरवाल्यांची. आपण प्लॅस्टर पाहावे. जलपुनर्भरणाचा खड्डा फोटोपुरता खणावा आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती पडताच त्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत.

आता दारातला निंब. शहरातले झाड विनापरवानगी तोडणे १९७५ च्या कायद्याने गुन्हा असल्यामुळे कुऱ्हाडीची घाई करू नये. आधी बुंध्याला भिडवून असे काँक्रीट ओतावे, की मुंगीलाही माती सापडू नये. मुळांचे पाणी आणि हवा तुटली, की दोन-तीन उन्हाळ्यांत शेंडे वाळू लागतात आणि मग ‘धोकादायक झाड’ म्हणून रीतसर अर्ज करता येतो. झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बजावले होते खरे, पण ते दिल्लीला. आणि दिल्ली जळगावपासून फार दूर आहे.

शेजारचा निंब असाच गेला. ओल्या काँक्रीटवर त्या चैत्रात गळून पडलेल्या मोहोराचे ठसे अजून तिथे आहेत, निंब मात्र गेल्या महिन्यात करवतीखाली गेला. कारण विचारले, तर उत्तर मिळाले, “भाऊ, गाडीवर पाला पडतो ना!”

पाला पडतो! मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात तीस वर्षांची सावली तुम्ही पाल्यासाठी मारलीत, आणि आता भिंती रात्रीपर्यंत धगधगतात म्हणून तीन एसी लावून त्यांची गरम हवा आमच्या खिडकीवर सोडता? हातभर माती मोकळी सोडली असती, तर तुमचे काय जात होते? लाज वाटायला हवी होती. आणि ती पाल्याला भिणारी गाडी, जी तुम्ही रोज दुपारी सावलीसाठी आमच्या फाटकासमोरच्या निंबाखाली आणून लावता, ती उद्यापासून तिथे दिसता कामा नये.